फुलकिडा आणि त्याचे नाव

(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गातील व्याख्यान)



मिरचीची पाने आकसून चुरगळली आणि शेंड्याची वाढ खुंटली, की शेतकरी म्हणतो, ‘मिरचीवर बोकड्या पडला.’ कोठे ह्यालाच चुरडामुरडा असे म्हणतात. शाळेच्या परसबागेतील असे एखादे पान घेऊन विद्यार्थी शिक्षकांपुढे उभा राहतो आणि विचारतो, ‘गुरुजी, हे काय झाले?’ त्यावर ‘बोकड्या’ एवढे उत्तर देऊन वेळ निभावून नेता येते. परंतु तो शब्द मुलाला घरीच ठाऊक असतो. पान कोणी चुरगळले, हा त्याचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्या शब्दात नाही.

बोकड्या ह्या एकाच नावाखाली निदान तीन अपराधी लपलेले असतात. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे दिसू लागले, तर ते काम बहुधा फुलकिड्यांचे असते. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखे झाले, तर ते काम बहुधा पिवळ्या कोळ्याचे असते. आणि कोळी हा तर कीटकही नव्हे, तो आठ पायांचा, घरात जाळी विणणाऱ्या कोळ्याच्या कुळातला प्राणी होय. तिसरा अपराधी म्हणजे पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू. ह्यांपैकी कोळ्यावर पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची फवारणी उपयोगी पडते. फुलकिड्यांचे तिने फारसे बिघडत नाही. आणि विषाणू एकदा झाडात शिरल्यावर कोणत्याच फवाऱ्याला दाद देत नाही. औषध, मजुरी आणि हातचे आठ दिवस खर्ची घालूनही पीक सुधारले नाही, म्हणजे शेतकरी औषधाला किंवा दुकानदाराला दोष देतो. कित्येकदा दोष त्या दोघांचाही नसतो. ओळख पटविण्यातच चूक झालेली असते.

ह्या व्याख्यानाचा विषय ह्या तिघांपैकी पहिला, म्हणजे फुलकिडा, आणि त्याला शास्त्रज्ञांनी दिलेली नावे हा आहे.

फुलकिडा साधारणपणे एक ते दोन मिलिमीटर लांबीचा असतो. तिळाचा दाणाही त्याच्यापेक्षा मोठा. कांद्याच्या पातीच्या बेचक्यात, झेंडूच्या पाकळ्यांच्या तळाशी, मोगऱ्याच्या कळीत तो राहतो. मोगऱ्याचे फूल नाकाशी नेले असता काही बारीक हुळहुळल्यासारखे वाटते, ते पुष्कळदा ह्याच्यामुळे. एवढ्याशा देहात निसर्गाने मात्र विलक्षण गोष्टी भरून ठेवल्या आहेत. बहुतेक कीटकांना डावा आणि उजवा असे दोन जबडे असतात. फुलकिड्याचा उजवा जबडा अंड्यातील अवस्थेतच खुंटतो आणि डावा तेवढा वाढतो. ह्या एका जबड्याने तो पानाला छिद्र पाडतो, आणि दोन बारीक सुया जुळवून केलेल्या नळीने पेशीतील रस ओढून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशीत हवा शिरते. म्हणून कांद्याच्या पातीवर ते रुपेरी, पांढुरके चट्टे दिसतात. त्याच्या पायाच्या टोकास नखांऐवजी फुगवता येणारा इवलासा फुगा असतो, त्यामुळे गुळगुळीत पानावरूनही तो घसरत नाही. पंख म्हणाल तर ते पंख म्हणण्यासारखेही नाहीत: एक अरुंद काडी आणि तिच्या दोन्ही कडांना लांब केसांची झालर. परंतु एवढ्या लहान प्राण्याला हवा ही माणसाला काकवी वाटावी तशी दाट असते, आणि दाट द्रवात झालरीचे वल्हे पुरेसे होते. शिवाय वारा त्याला दूरवर घेऊन जातोच.

मादी पानाच्या गरात अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिले दोन अवस्थांत रस शोषून वाढतात, आणि पुढे बहुतेक जातींत मातीत वा पालापाचोळ्यात शिरून काही काळ काही न खाता स्वस्थ पडून राहतात. उष्ण हवेत हा सारा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. कित्येक जातींत नराशी संबंध न येताही मादी अंडी घालू शकते. कांद्याच्या शेतात कोरड्या हवेत फुलकिडे एकाएकी ‘उसळले’ असे जे वाटते, त्याचे रहस्य बरेचसे ह्यात आहे.

युरोपातील शास्त्रज्ञांचे ह्या प्राण्याकडे लक्ष गेले ते अठराव्या शतकात. स्वीडनमधील कीटकशास्त्रज्ञ द येर ह्यांनी १७४४ साली त्याचे वर्णन केले आणि पायांवरील फुग्यांवरून त्याला ‘फायसापस’, म्हणजे फुगेपायी, असे ग्रीक धाटणीचे नाव दिले. हे नाव मोठे समर्पक होते. परंतु त्यांचेच देशबांधव कार्ल लिनियस ह्यांनी १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ ह्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत ह्या प्रजातीला ‘थ्रिप्स’ हे नाव दिले. प्राचीन ग्रीक भाषेत थ्रिप्स म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. फुलकिडा लाकूड पोखरीत नाही, तरी हेच नाव त्याला कायमचे चिकटले. द येर ह्यांचा शब्द अगदीच वाया मात्र गेला नाही; लिनियस ह्यांनी एका जातीचे नाव ‘थ्रिप्स फायसापस’ असे ठेवले आणि फुगेपायी हा शब्द अशा रीतीने टिकून राहिला. पुढे १८३६ साली आयर्लंडमधील हॅलिडे ह्यांनी पंखांच्या झालरीवरून ह्या सर्व कीटकांच्या गणास ‘थायसॅनोप्टेरा’, म्हणजे झालरपंखी, असे नाव दिले, आणि ते आजही चालते. १८९५ साली बोहेमियातील उझेल ह्यांनी ह्या एकाच गणावर भला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या गणातील सहा हजारांहून अधिक जातींची आतापर्यंत नोंद झाली आहे.

येथे एक बारीकशी गोष्ट नमूद करावीशी आहे. ‘थ्रिप्स’ ह्यातील शेवटचा ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा आहे, असे समजून कोणी कोणी एका किड्याला ‘थ्रिप’ म्हणतात. ते बरोबर नाही. तो ‘स’ मूळ ग्रीक शब्दाचाच आहे. एक असो वा हजार, शब्द ‘थ्रिप्स’ असाच राहतो. शेतकरी ‘थ्रिप्स पडला’ असे एकवचनी बोलतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडता त्याने हे अचूक साधले आहे.

लिनियस ह्यांचे १७५८ चे ते पुस्तक प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभबिंदू मानले जाते. त्याआधीची नावे कितीही सुंदर असोत, ती गणतीत धरीत नाहीत. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गोतावळ्याचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर लिहावे, तसा हा प्रकार होय. त्यापुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष लिहितात. पुढे संशोधनाने ती जात एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलविली, तर मूळ लेखकाचे आडनाव आणि वर्ष कंसात घालतात. कंस दिसला की ह्या जातीचे घराणे बदलले आहे, हे वाचणाऱ्याला कळते. आणखी एक गोष्ट अशी की, नाव हवेत ठेवता येत नाही. ज्या प्रत्यक्ष किड्यावरून नाव दिले, तो किडा आदर्श नमुना म्हणून संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. फुलकिड्याच्या बाबतीत हा नमुना म्हणजे काचपट्टीवर कॅनडा बालसम नावाच्या राळेत बसविलेला एक मिलिमीटरचा ठिपका! पुढे शंभर वर्षांनी वाद उपस्थित झाला, तर शास्त्रज्ञ पुस्तकापाशी थांबत नाहीत. ते त्या काचपट्टीपाशी जाऊन सूक्ष्मदर्शकातून पाहतात. एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिली असतील, तर सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरतात. ह्या सर्व व्यवहाराची देखरेख करण्यासाठी १८९५ साली एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला.

आधीचे नाव टिकते, ह्या नियमामुळे काही गमतीही झाल्या आहेत. नाशिककडील कांद्याच्या शेतात जो फुलकिडा उच्छाद मांडतो, त्याचे शास्त्रीय नाव ‘थ्रिप्स टॅबॅसी’, म्हणजे तंबाखूचा थ्रिप्स. १८८९ साली लिंडेमान ह्यांनी तो प्रथम वर्णिला तो बेसारेबियातील तंबाखूवरून. त्यानंतर तो कांद्याचा वैरी म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाला, कांद्यावरील एका विषाणूचा तोच वाहक असल्याचे आढळले, तरी कांद्याने त्याच्या नावात शिरकाव केला नाही. नाव म्हणजे वर्णन नव्हे, हे ह्यावरून ध्यानी यावे. ‘थ्रिप्स पाल्मी’ हे नाव वाचून हा ताडामाडावरचा किडा असावा असा तर्क कोणीही करील. परंतु १९२५ साली कार्नी ह्यांनी सुमात्रातील तंबाखूवरील ह्या किड्याला जे नाव दिले, ते तेथे काम करणाऱ्या पाल्म ह्या आडनावाच्या शास्त्रज्ञावरून. ताडाशी त्याचा काही संबंध नाही. असली लॅटिन नावे मुलांकडून पाठ करून घेणे हा निव्वळ छळ होय; मात्र एखाद्या नावामागची कथा सांगितली, तर चौथीचे मूलही ते विसरत नाही.

ह्याच पाल्मीच्या बाबतीत नावाची चूक किती महाग पडू शकते, हे भारतात दिसून आले. भुईमुगावर शेंडेमर नावाचा रोग पडतो. कोवळा शेंडा करपतो, झाड खुजे राहते, शेंगा भरत नाहीत. हा रोग विषाणूचा, आणि त्याचा प्रसार फुलकिडे करतात. त्यातही विशेष असा की, पिलाच्या अवस्थेत जो फुलकिडा रोगट झाडाचा रस पितो, तोच प्रौढ झाल्यावर रोग पसरवू शकतो. १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात हा विषाणू म्हणजे परदेशात आधीपासून माहीत असलेला टोमॅटोवरील विषाणूच, असे मानले गेले, आणि वाहक म्हणून दुसऱ्याच दोन जातींची नावे पुढे आली. पुढे १९९० च्या सुमारास फुलकिड्यांची पुन्हा बारकाईने तपासणी झाली, तेव्हा मुख्य वाहक थ्रिप्स पाल्मी हा असल्याचे निष्पन्न झाले. आणि १९९२ साली विषाणूही स्वतंत्र असल्याचे ठरले. चोराचे नाव चुकले होते, आणि त्याने नेलेल्या मालाचेही! तोवरचा सारा विचार, म्हणजे वाहक कोणत्या तणावर वाढतो, कोणत्या महिन्यात उडतो, पेरणी केव्हा केली असता पीक त्याच्या तावडीतून सुटेल, हा दुसऱ्याच किड्याविषयी होण्याचा धोका होता. पाल्मी आणि कांद्यावरील टॅबॅसी हे दोघे दिसण्यात इतके सारखे, की साध्या डोळ्यांनी त्यांचा भेद करणे अशक्य. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र डोक्यावरील तीन साध्या नेत्रबिंदूंचा रंग पाहतात: टॅबॅसीचे करडे, पाल्मीचे तांबडे. एवढ्या एका रंगाच्या ठिपक्यावर एका पिकाचे भवितव्य अवलंबून असू शकते.

आता पुन्हा मिरचीकडे वळावयाचे. भारतात मिरचीवर जो फुलकिडा पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, त्याचे नाव ‘सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस’. विसाव्या शतकाच्या आरंभी कोइमतूर येथे टी. व्ही. रामकृष्ण अय्यर हे कीटकशास्त्रज्ञ दक्षिण भारतातील थ्रिप्स गोळा करून त्यांचा अभ्यास करीत होते. ज्या काळी ह्या देशात अशा किड्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्या काळी त्यांनी हे काम हाती घेतले, आणि १९२८ साली भारतातील थ्रिप्सांविषयी प्रबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९१९ साली जे. डग्लस हूड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातील काही नव्या थ्रिप्सांचे वर्णन केले होते. त्यांत ही जात होती. डॉर्सालिस म्हणजे पाठीचा. फिकट पिवळ्या देहाच्या पाठीवर मध्यभागी गडद छटा असतात, त्यांना हे नाव शोभते. ह्याच जातीला पुढे जावामध्ये आणि ऑस्ट्रेलियात निराळी नावे मिळाली. कालांतराने ती सारी एकाच किड्याची असल्याचे उघडकीस आले आणि हूड ह्यांचे नाव कायम झाले. देशोदेशीची निरीक्षणे तेव्हा कोठे एका खात्यावर जमा झाली. अय्यर ह्यांच्यानंतर टी. एन. अनंतकृष्णन ह्यांनी मद्रासमध्ये हाच अभ्यास पुढे चालविला, आणि १९६९ साली त्यांचा भारतीय थ्रिप्सांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

डॉर्सालिस कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस राहतो. पाने वरच्या अंगास वळतात ती त्याच्यामुळे. शेतकऱ्याच्या सवयी, फवारणीच्या वेळा, कृषिखात्याची पत्रके, सारे काही ह्या किड्याच्या स्वभावाला धरून बेतलेले होते. अशा स्थितीत २०२१ साली आंध्र प्रदेश आणि तेलंगण ह्या राज्यांत मिरचीवर फुलकिड्यांचा भयंकर उद्रेक झाला. तथापि ह्या वेळी लक्षणे निराळी होती. किडे पानांपेक्षा फुलांत दाटी करून बसत. फुले गळत, आणि फळ धरतच नसे. किड्यांचा रंगही पिवळा नसून गडद होता. नेहमीच्या फवारण्या एकामागून एक झाल्या. उद्रेक ओसरला नाही. कित्येक शेतकऱ्यांनी उभे पीक उपटून टाकले.

तो किडा डॉर्सालिस नव्हताच. तो ‘थ्रिप्स पार्विस्पिनस’ होता. १९२२ साली कार्नी ह्यांनी थायलंडमधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले होते, तेही दुसऱ्या प्रजातीत. म्हणून त्यांचे आडनाव आज कंसात लिहितात. भारतात त्याची पहिली नोंद २०१५ साली बंगळूर येथील पपईवर झाली होती. थोड्या नमुन्यांवरून काही तज्ज्ञांनी ती ओळख पटविली आणि शोधनिबंधात प्रसिद्ध केली. त्या वेळी मिरचीच्या शेतकऱ्याला तिचे काही वाटण्याचे कारण नव्हते. सहा वर्षांनी उद्रेक झाला, तेव्हा ही जुनी ओळख उपयोगी पडली. नाव हाती आल्याबरोबर इंडोनेशियापर्यंतचे, दुसऱ्या देशांतील लोकांचे ह्या किड्याविषयीचे अनुभव शोधता आले. नाव नसते, तर मिरचीवर ‘थ्रिप्स पडला’ एवढेच म्हणता आले असते, आणि ते तर शेतकरी आधीपासूनच म्हणत होता.

शास्त्रीय नावे म्हणजे दगडावरची रेघ, असेही कोणी समजू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉर्सालिस ह्या नावाखाली वस्तुतः एक नव्हे, तर निदान नऊ गूढ जाती एकत्र नांदत आहेत, असे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून दिसून आले. बाहेरून त्या जवळजवळ सारख्याच. ह्यांपैकी हूड ह्यांचा मूळ डॉर्सालिस कोणता, हे ठरविताना पुन्हा त्या जुन्या नमुन्यांकडेच वळावे लागते.

प्राथमिक शाळेत ह्यातले काय करता येईल, असा प्रश्न साहजिकच निघेल. साधने फार लागत नाहीत. पांढऱ्या कागदावर झेंडूचे वा कांद्याचे फूल उपडे धरून बोटाने हलकेच टिचकी मारावी. कागदावर काही बारीक रेघा पडतात, आणि क्षणभराने त्या चालू लागतात! दहा पट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिले असता काही पिवळ्या, काही तपकिरी, काही काळ्या दिसतील. एकाच फुलात दोन रंगांचे किडे सापडले, तर ते एका जातीचे की दोन जातींचे, की एकाच जातीचे नर-मादी, ह्यावर मुलांना तर्क करू द्यावा. लहान वर्गांसाठी नांदरुकाचे झाड अधिक सोयीचे. त्याची काही पाने शेंगेप्रमाणे मिटून जाड झालेली असतात. असे पान उघडले की आत काळे फुलकिडे, फिकट पिले आणि अंडी असे सारे कुटुंब एकदम दिसते. हे किडे इतरांपेक्षा मोठे असल्याने भिंगाशिवायही कळतात.

जे शिक्षक मोठ्या मुलांकडून नमुने गोळा करवू इच्छितात, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. किडा बोटाने उचलू नये, तो चिरडतो. स्पिरिटात भिजविलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने तो अलगद टिपून साठ-सत्तर टक्के स्पिरिट असलेल्या छोट्या कुपीत सोडावा. स्पिरिट ज्वलनशील असल्याने ती कुपी शिक्षकांच्याच ताब्यात राहावी. पानाचा वा फुलाचा नमुनाही कागदात दाबून सोबत ठेवावा, कारण किडा कोणत्या झाडावर मिळाला हे न कळले तर तज्ज्ञांचे अर्धे काम अडून बसते. एका कुपीत एकाच झाडावरचे किडे असावेत. पिकावर नेहमीपेक्षा वेगळी लक्षणे दिसली, तर अशी कुपी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावी. गावाचे नाव, तालुका, तारीख, झाडाचे नाव आणि गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव अशी चिठ्ठी प्रत्येक कुपीत आतच घालावी. बाहेर चिकटविलेली चिठ्ठी गळून पडते. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाईची अक्षरे स्पिरिटात एका रात्रीत धुऊन जातात.